मुक्या यंत्राची नाडी

इ. स. १९७२ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील मॅग्नाव्हॉक्स या कंपनीने एक नवलाची पेटी बाजारात आणली. तिचे नाव ओडिसी. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे आणि दुकानात विकत मिळणारे जगातील हे पहिले खेळयंत्र होय. तोवर दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्याने केवळ पाहावयाचे, असा रिवाज होता. ओडिसी आली आणि पडद्यावरचा ठिपका पाहणाऱ्याच्याच हाताने हलू लागला.

आजच्या मुलांना हे यंत्र फारच साधे वाटेल. काळ्या पडद्यावर काही पांढरे चौकोनी ठिपके आणि एक उभी रेघ, एवढेच त्याचे चित्र. रंग नाहीत, आवाज नाही, गुण मोजण्याची सोय नाही. टेनिसचे मैदान किंवा भुताचा वाडा हवा असेल, तर तसे चित्र छापलेला पारदर्शक पत्रा पडद्यावर लावावयाचा आणि गुण कागदावर मांडावयाचे. पेटीबरोबर फासे, पत्ते आणि खेळातल्या नोटाही मिळत. यंत्राच्या पोटात संगणक नव्हता. सुमारे ४० ट्रान्झिस्टर आणि ४० डायोड यांच्या जुळणीवर सारा खेळ चाले.

१९७५ पर्यंत अशी सुमारे साडेतीन लाख यंत्रे विकली गेली. त्यांतील कित्येक माळ्यावर पडून कुजली, कित्येक भंगारात गेली. सर्व साहित्यासह शाबूत राहिलेले आणि चालणारे ओडिसी यंत्र आज दुर्मीळ झाले आहे. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्याच्या हाती असे यंत्र लागते, तेव्हा इतिहासाचा एक तुकडाच त्याच्या हाती येतो. परंतु पुष्कळदा असे होते, की तो मोठ्या उत्सुकतेने यंत्र जोडतो आणि यंत्र काही केल्या चालत नाही. वीज कोठे तरी अडलेली असते. ती कोठे अडली हे शोधावयाचे, आणि शोधताना यंत्राला इजा होऊ द्यावयाची नाही, हेच खरे कौशल्य.

हे काम दिसते तितके सोपे नाही. कारण ओडिसी हे मुके यंत्र आहे. इतर यंत्रांत वीज आल्याची काही तरी खूण असते. एखादा दिवा लागतो, पंखा फिरतो, घरघर ऐकू येते. येथे दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. इतकेच काय, चालू-बंद करण्याची वेगळी कळसुद्धा नाही! ज्या खेळाचे कार्ड असेल ते पेटीच्या खाचेत सारले, की विजेचा परिपथ पूर्ण होतो आणि यंत्र चालू होते. कार्ड काढले, की ते बंद पडते. खेळ संपल्यावर कार्ड खाचेतच विसरले, तर सेल मुकाट्याने संपत राहतात. बोलू न शकणाऱ्या रोग्याची वैद्य जशी नाडी पाहतो, तशीच या यंत्राची नाडी पाहावी लागते.

हे यंत्र ज्याने कल्पिले, तो राल्फ बेअर हा स्वतः प्रथम दुरुस्ती करणारा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याचा जन्म १९२२ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू म्हणून त्याला शाळा सोडावी लागली. १९३८ मध्ये त्याच्या कुटुंबाने देश सोडून न्यूयॉर्क गाठले. तेथे त्याने कारखान्यात काम केले, टपालाने येणारे धडे वाचून रेडिओचे शास्त्र आत्मसात केले आणि लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करण्याचा व्यवसाय पत्करला. पुढे तो सँडर्स असोशिएट्स या कंपनीत अभियंता झाला. दूरचित्रवाणीवर खेळ खेळता येतील, हा विचार त्याने १ सप्टेंबर १९६६ रोजी चार पानांत मांडून ठेवला. बिल हॅरिसन आणि बिल रश या सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्याने एकामागून एक नमुने तयार केले. त्यांतील अखेरचा नमुना तपकिरी पेटी या नावाने प्रसिद्ध आहे. त्यावरूनच पुढे मॅग्नाव्हॉक्सने ओडिसी बनवली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला जी सवय अंगी बाणवावी लागते, तीच ओडिसीच्या दुरुस्तीलाही लागते. ती सवय म्हणजे अंदाजाने हात न घालता विजेच्या उगमापासून तिच्या वाटेने क्रमाक्रमाने जाणे.

ही गोष्ट शेतकऱ्याला चटकन पटेल. शेतातील शेवटचा वाफा कोरडा राहिला, तर जाणता शेतकरी वाफा उकरीत बसत नाही. तो आधी विहिरीत पाणी आहे की नाही ते पाहतो. मग पाटाच्या कडेकडेने चालू लागतो. पाट कोठे फुटला आहे, कोठे गाळ साचला आहे, कोणते दार उघडावयाचे राहिले आहे, हे तो पाहत जातो. ओडिसीमध्ये सेल ही विहीर, तारा व पत्र्याच्या पट्ट्या हा पाट आणि खेळाचे कार्ड हे पाटाचे दार होय.

पहिली पायरी निरीक्षणाची. या वेळी यंत्राला वीज जोडावयाचीच नाही. पेटीच्या खालच्या बाजूचे झाकण उघडून सेलांची जागा नीट पाहावी. तेथे पुष्कळदा दोष डोळ्यांनाच दिसतो. पट्ट्यांवर पांढरी भुकटी नाहीतर हिरवट कीट चढलेली असते. पितळेचे भांडे बरेच दिवस तसेच पडले म्हणजे त्यावर जशी हिरवी कीट धरते, तशीच ही. सेल आतल्या आत फुटून पाझरल्याची ती साक्ष असते.

सेल का पाझरतो? जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये बाहेरचे डबडे जस्ताचे असते. मध्यभागी कार्बनची कांडी असते आणि त्या दोहोंमध्ये ओलसर मसाला भरलेला असतो. त्यात नवसागर असतो. कल्हई करणारा तापलेल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतो, तोच हा पदार्थ. सेल वीज देऊ लागला, की जस्त हळूहळू झिजते. म्हणजे डबडे हेच इंधन आणि डबडे हीच भिंत! इंधन खर्च होता होता भिंतीला भोक पडते आणि आतला मसाला बाहेर येऊन पट्ट्या खातो. अल्कलाइन सेलमधील द्रव्य निराळे असते. त्यात तीव्र क्षार असतो आणि तोही पाझरला म्हणजे धातूची हानी करतो. म्हणून जे यंत्र वापरावयाचे नाही, त्यातील सेल काढून ठेवावेत, हा नियम विजेरीपासून घड्याळापर्यंत सर्वांना लागू आहे.

कीट काढताना डोळ्यांवर चश्मा व हातांत रबरी मोजे असावेत आणि जवळ जाणता माणूस असावा. अल्कलाइन सेलचा क्षार असेल, तर तो लिंबाच्या रसाने किंवा शिरक्याने मारता येतो. जुन्या जस्ताच्या सेलचा पाझर आम्लधर्मी असल्याने तेथे खाण्याच्या सोड्याचे पाणी चालते. कापसाच्या बोळ्याने थोडे थोडे पुसावे, मग स्वच्छ पाण्याचा ओला बोळा फिरवावा आणि जागा पूर्ण कोरडी होऊ द्यावी. पॉलिश कागदाने खसाखसा घासण्याचा मोह टाळावा. घासल्याने कीट निघते, पण पट्टीवरचा मुलामाही निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट जोराने चढतो.

दुसरी पायरी मोजमापाची. ओडिसीला सी आकाराचे सहा सेल लागतात. प्रत्येक सेलचा विद्युतदाब सुमारे १.५ व्होल्ट असतो. सहा सेल एकापुढे एक जोडले, की त्यांचे दाब मिळवले जातात आणि बेरीज ९ व्होल्ट येते. नवे सेल घालून, त्यांतून निघणाऱ्या तारांच्या टोकांशी मल्टिमीटर लावावा आणि आकडा पाहावा. हा आकडा बोलका असतो. तो ९ च्या आसपास असेल, तर विहिरीत पाणी आहे. तो ७.५ आला, तर एक सेल निकामी असण्याचा संभव आहे. तो ६ आला तर? येथे पुष्कळजण दोन सेल खराब ठरवून मोकळे होतात. परंतु सर्व सेल नवे असतील, तर निराळाच हिशेब मांडून पाहावा. एक सेल उलटा बसला असेल, तर तो आपला दीड व्होल्ट देत तर नाहीच, उलट इतरांतून दीड व्होल्ट वजा करतो. पाच सेलांचे ७.५, त्यांतून १.५ वजा जाता बाकी ६. सेल मुळीच खराब नसतात, फक्त एकाचे तोंड फिरलेले असते! आणि आकडा शून्य आला, तर सेलांना दोष देण्यापूर्वी एखादी पट्टी सैल झाली आहे काय, एखाद्या तारेचा डाख सुटला आहे काय, हे पाहावे. सहा धडधाकट सेलसुद्धा एका तुटलेल्या दुव्यापुढे निरुपयोगी ठरतात.

तिसरी पायरी भाराच्या परीक्षेची. गोठ्यात उभा असलेला बैल धडधाकट दिसतो. औत ओढावयास लागला म्हणजे त्याचे बळ कळते. सेलचेही तसेच. दमलेला सेल रिकामा मोजला, तर पुष्कळदा पुरता दाब दाखवतो आणि काम अंगावर पडताच ढासळतो. म्हणून खेळाचे कार्ड खाचेत सारून, यंत्र चालू असताना पुन्हा मोजावे. दाब थोडा उतरला तर ते स्वाभाविक आहे. तो एकदम पुष्कळ उतरला, तर दोन ठिकाणी मोजावे. एकदा थेट सेलांवर, आणि एकदा पुढे तारेच्या टोकाशी. दोन्हीकडे ६ व्होल्ट आले, तर सेल दुबळे आहेत. सेलांवर ९ आणि तारेच्या टोकाशी ६ आले, तर उरलेले ३ व्होल्ट वाटेतच मुरले. कीट धरलेल्या पट्टीत किंवा कच्च्या जोडात ते वाया गेले. आणि कार्ड सारल्यावर दाब किंचितही उतरला नाही, तर त्याचाही अर्थ आहे. बैलाला औत जोडलेच गेले नाही! वीज पुढे जातच नाही. अशा वेळी चौथ्या पायरीकडे वळावे.

चौथी पायरी कार्डाची. ओडिसीच्या कार्डात कोणताही सुटा भाग नसतो. त्यावर केवळ धातूच्या वाटा असतात. खाचेतील टोके एकमेकांना निरनिराळ्या प्रकारे जोडावयाची, एवढेच त्यांचे काम. त्यांतूनच खेळ ठरतो आणि त्यांतूनच वीजही चालू होते. पन्नास वर्षांची धूळ आणि हातांचा तेलकटपणा या वाटांवर बसला, की दार अर्धे बंदच राहते. येथे एक साधी युक्ती उपयोगी पडते. एका कार्डाने यंत्र चालत नसेल, तर दुसरे कार्ड घालून पाहावे. दुसऱ्याने चालले, तर दोष पहिल्या कार्डात. एकाही कार्डाने चालले नाही, तर दोष बहुधा खाचेत, नाहीतर तिच्याही पुढे. स्पिरिटात भिजवलेल्या मऊ फडक्याने कार्डाची टोके पुसल्यावर कित्येक मेलेली यंत्रे जिवंत होतात.

पाचवी पायरी अडॅप्टरची, आणि हीच सर्वांत धोक्याची. सेलांऐवजी घरच्या विजेवर यंत्र चालवण्यासाठी मॅग्नाव्हॉक्स वेगळा अडॅप्टर विकत असे. तो हरवला म्हणजे लोक खोक्यातला कोणताही अडॅप्टर उचलतात. पिन बसली म्हणजे झाले, असे त्यांना वाटते. पिन बसणे म्हणजे वीज जुळणे नव्हे. विद्युतदाब तोच हवा. वीज एका दिशेने वाहणारी हवी. धन आणि ऋण टोकांची बाजू जुळावयास हवी. अडॅप्टर पुरेसा प्रवाह देऊ शकेल असा हवा. बाजू उलटी झाली, तर ट्रान्झिस्टर क्षणात निकामी होऊ शकतात आणि मग पश्चात्तापाचा उपयोग नसतो. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, भारतातील २३० व्होल्टची. तेथला जुना अडॅप्टर येथल्या भिंतीत खोचला, तर तो जळून जातो. म्हणून यंत्राला लावण्याआधी अडॅप्टर स्वतंत्र तपासावा. आणि भिंतीतल्या विजेशी संबंध येणारे हे काम मुलांनी एकट्याने कधीही करू नये.

अडॅप्टर जुना झाला, की आणखी एक विकार जडतो. आतील कपॅसिटर वाळतो आणि विजेतील चढउतार गुळगुळीत करण्याचे त्याचे काम नीट होत नाही. मग पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागतात. दोष यंत्रात आहे की अडॅप्टरमध्ये, हे कसे ओळखावे? अडॅप्टर काढून सेलांवर यंत्र चालवावे. पट्टे नाहीसे झाले, तर यंत्र निर्दोष ठरते. एकच गोष्ट बदलावयाची आणि काय फरक पडतो ते पाहावयाचे, ही शास्त्राची जुनी रीत येथेही कामी येते. एकाच वेळी सेल बदलले, कार्ड पुसले आणि तारही हलवली, तर यंत्र कदाचित चालेल. पण ते कशाने चालले हे कधीच कळणार नाही.

या पाचही पायऱ्या ओलांडल्यावर कार्डाच्या पलीकडे ९ व्होल्ट पोहोचल्याचे मापक दाखवत असेल आणि तरीही पडदा रिकामाच असेल, तर नाडी ठीक आहे, रोग अन्यत्र आहे, असे समजावे. ओडिसीचे चित्र एका जोडपेटीतून दूरचित्रवाणीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वाहिनीवर येते. ती वाहिनी लावली नसेल किंवा जोडपेटीची कळ चुकीच्या बाजूस असेल, तरी पडदा कोराच राहतो. काही नवीन संच ही जुनी लहर ओळखतही नाहीत. अंधारा पडदा हा वीज नसल्याचा पुरावा नव्हे, हे दुरुस्ती करणाऱ्याने विसरता कामा नये.

घाईचा माणूस यंत्र चालले नाही की ते थोपटतो, नवा जबर अडॅप्टर लावतो, दिसेल तो जोड डाखणीने वितळवतो. त्यात कधी यश येतेही. परंतु नवे यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. जुने नाहीसे झाले की त्याच्या जागी दुसरे येत नाही. धीराचा माणूस प्रत्येक मोजमाप वहीत टिपतो, काढलेला भाग डबीत जपून ठेवतो आणि पुढच्याला मोडता येईल अशीच दुरुस्ती करतो. ओडिसीच्या बाबतीत त्याच्या धीराला फळही मिळते. कारण तिचे ट्रान्झिस्टर व डायोड सुटे सुटे आहेत. दोष नेमका सापडला, तर एक लहानसा भाग बदलून सारे यंत्र वाचवता येते.

राल्फ बेअर २०१४ साली निवर्तला. त्याची तपकिरी पेटी २००६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. तेथे तिच्यावर खेळता येत नाही. पडद्यावरचा तो पांढरा ठिपका आजही हलता पाहावयाचा असेल, तर तो घरोघरी उरलेल्या मोजक्या ओडिसी यंत्रांतच. ती यंत्रे किती काळ चालतील, हे ज्यांच्या हाती ती आहेत त्यांच्या सावधपणावर अवलंबून आहे.

शब्दार्थ

नवलाची – आश्चर्य वाटावे अशी. शाबूत – न मोडलेली, पूर्ण. परिपथ – वीज वाहण्याची पूर्ण वाट. कीट – धातूवर चढणारा मळ. मुलामा – धातूवर दिलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर. डाख – कथिल वितळवून केलेला धातूचा जोड. दार – पाटाचे पाणी वाफ्यात सोडण्याची जागा. औत – नांगर, वखर यांसारखे बैलांनी ओढावयाचे साधन. निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ओडिसी यंत्र कोणत्या साली विक्रीस आले?
(आ) ओडिसी चालू करण्यासाठी काय करावे लागे?
(इ) राल्फ बेअर प्रथम कोणता व्यवसाय करीत असे?

२. कारणे लिहा.
(अ) ओडिसीला मुके यंत्र म्हटले आहे.
(आ) जस्ताचा सेल जुना झाला की पाझरतो.
(इ) एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

३. सहा सेलांपैकी दोन सेल उलटे बसले, तर मल्टिमीटर किती व्होल्ट दाखवील? हिशेब मांडून दाखवा.

४. शेतातील पाट आणि विजेची वाट यांतील साम्य चार-पाच वाक्यांत लिहा.

५. ‘अंधारा पडदा हा वीज नसल्याचा पुरावा नव्हे.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

६. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : दुर्मीळ, दुबळा, घाई, स्वच्छ.

७. पुढील वाक्यांतील क्रियापदे ओळखा.
(अ) सेल मुकाट्याने संपत राहतात.
(आ) धीराचा माणूस प्रत्येक मोजमाप वहीत टिपतो.

८. घरातील बंद पडलेल्या विजेरीचा दोष कोणत्या क्रमाने शोधाल, ते पायऱ्या घालून लिहा.